शेवटच्या कडव्यातलं नाव

पुण्याहून नाशिकला निघालात की चंदनापुरी घाटाच्या परिसरात, संगमनेर यायच्या थोडं आधी, एक टोलनाका लागतो. हिवरगाव पावसा. फास्टॅगचा आवाज होतो, दांडा वर जातो, गाडी पुढं सरकते. रोज हजारो लोक या गावाचं नाव वाचतात आणि संगमनेरला चहाला थांबेपर्यंत विसरतात. आज तुम्ही गाडी कडेला घ्या आणि खाली उतरा. फोन गाडीतच राहू द्या, जिथं जायचंय तिथं त्याचा उपयोग नाही.

साल १८७७. डांबर गेलं, बैलगाडीच्या चाकोऱ्या उरल्या. गेल्या वर्षीचा पाऊस पडलाच नाही. नगर जिल्ह्याची रानं करपली आहेत, जनावरांची हाडं रस्त्याकडेला दिसतात, आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आहेत. दौंड-मनमाड रेल्वेचा मार्ग याच काळात तयार होतोय आणि पुढच्या वर्षी गाडी सुरू होईल. तुम्हाला तहान लागली आहे. पण पाणी मागायच्या आधी समोरचा विचारील, ‘कुठलं? कुणाचं?’ आणि तुम्ही काय उत्तर देता यावर तुम्ही कुठल्या पाणवठ्यावर जाल, हे ठरेल. भूतकाळाच्या सहली रंगवणारे लेखक ही गोष्ट सहसा गाळतात. ते प्रवाशाला अदृश्य करून टाकतात. इथं अदृश्य होऊन चालत नाही. या गावात पाऊल टाकलंत की तुम्हाला जात आहे, आणि ती सांगावी लागते.

गावाबाहेर महारवाड्यात तबाजी भालेरावांचं घर आहे. त्यांची मुलगी १८७० मधली, म्हणजे आता सात वर्षांची. तिचं नाव पवळा. दुष्काळात सात वर्षांचं असणं म्हणजे काय, हे तुम्ही पोटानं समजून घ्या, मी त्यावर फार बोलणार नाही. जवळच देवगडचा खंडोबा आहे. पवळाला खंडोबाची मुरळी म्हणून वाहिलं, असं तिच्या चरित्रकथा सांगतात. भंडारा उधळायचा, देवाशी लग्न लावायचं, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मग आयुष्यभर जागरणात गायचं-नाचायचं. एका हातात घाटी, शेजारी वाघ्याची दिमडी, मागं तुणतुण्याची एक तार. वाघ्या-मुरळीचं हे जोडगाणं रात्रभर चालतं, आणि रात्रभर चालणाऱ्या गाण्यात गळा एक तर बसतो, नाही तर कायमचा तयार होतो. हे देवाचं देणं आहे असं गाव म्हणतं. त्या पोरीला कुणी विचारलं नाही. देवाशी लग्न झालेल्या बाईला माणसाशी लग्न लावता येत नाही, आणि माणसं तिला तेवढ्यावर सोडतही नाहीत. हे सगळं एकाच विधीत बसवलेलं आहे.

आता दक्षिणेकडं चला. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष, आज सांगली जिल्ह्यात. इथं श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा मुलगा ११ नोव्हेंबर १८६६ ला जन्मला. घरात कुलकर्णीपणाचं वतन, दप्तर, सोवळं, सगळं जागच्या जागी. रात्र झाली की मात्र त्याचे कान गावाबाहेर जातात, जिथं ढोलकी वाजते. पुढं त्यानं वतन सोडलं, घर सोडलं, जात सोडली, फड उभा केला आणि ‘पठ्ठे बापूराव’ हे नाव घेतलं. ब्राह्मण्य टाकून तमाशात आल्याचा अभिमान त्यानं स्वतःच्या लावण्यांतूनही मिरवला. महाराष्ट्राला ही गोष्ट फार आवडते. एका माणसानं कलेसाठी केवढं सोडलं!

खरंच सोडलं. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तुम्ही आत्ताच हिवरगावहून आला आहात, म्हणून तुमच्या मनात एक प्रश्न उभा राहायला हवा. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. पवळाकडं सोडण्यासारखं काय होतं?

या दोघांची गाठ पडली आणि फडावर जोडी उभी राहिली. एक रात्र तुम्ही त्यांच्यापुढं बसून काढा. साल १९०० च्या आगंमागं ठेवू. महिना चैत्राचा, जत्रांचा. देवळाच्या मागं मोकळं रान, गवत काढून सारखी केलेली जमीन. मंच म्हणावा असं काही नाही. पलित्यांचा उजेड आहे, तेलाचा वास आहे, आणि अंधारात तुम्हाला मोजता येणार नाहीत एवढी माणसं बसली आहेत. सगळे पुरुष. एकजण म्हणतो, ‘पाव्हणं, जरा सरकून बसा की, मागल्याला दिसंना.’ तुम्ही सरकता. तो चंची काढतो, पान लावून तुमच्यापुढं धरतो, आणि धरता धरता थांबून तुमच्याकडं पाहतो. पुन्हा तोच प्रश्न त्याच्या ओठांवर आहे.

बाजूला शेकोटी पेटलीय, ती थंडीसाठी नाही. हलगीवाला हलगी विस्तवावर धरून तिचं कातडं तापवतोय. कातडं ताणलं गेलं की आवाज फुटतो, रात्रीच्या दवानं ते पुन्हा सैलावतं, मग पुन्हा शेकायचं. ढोलकीवाला शाईचं पान सुरात आणतोय. कड्याची लोखंडी किणकिण होते, तुणतुण्याची तार एकच सूर धरून बसते. ती रात्रभर तो सूर सोडणार नाही. आणि एवढंच. पेटीही अजून सगळ्या फडांत आलेली नाही. माईक नाही, कर्णा नाही, वीज नाही. शेवटच्या रांगेपर्यंत जे पोचवायचं ते गळ्यातून आणि कातड्यातून पोचवायचं. म्हणून तमाशाचा सूर इतका चढा असतो. घरात बसून ऐकणाऱ्याला तो कर्कश वाटू शकतो, पण उघड्या रानात खालच्या पट्टीतला नाजूक आवाज दहा हातांवर जिरून जातो. रानानंच ही गायकी घडवली आहे.

म्हणूनच झीलकरी हवेत. शाहिरानं ओळ टाकली की मागचे झीलकरी तिचं शेपूट उचलतात, ‘जी जी’ करत सूर ताणून धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. आधी गण होतो, गणपतीला नमन. मग गवळण, कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या वाटेवर गौळणींना अडवतात, मावशी त्यांना शब्दाला शब्द देते, आणि सगळं रान हसतं.

तुमच्या शेजाऱ्याच्या बापानं हेच सगळं पाहिलं होतं, पण गौळणीच्या जागी मिशी काढलेला नाच्या पोऱ्या होता. पदर घेणारा पोऱ्या, लाजणारा पोऱ्या, कमरेत वाकणारा पोऱ्या. बाईचं सोंग पुरुषानंच घ्यायचं, असा ढोलकीच्या फडाचा रिवाज होता. आज घुंगरांचा आवाज येतो तेव्हा रान एकदम गप्प होतं. समोर बाई आहे. खरी बाई, स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या गळ्यासकट. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाचं नाव सांगितलं जातं. लोक तिला ‘नामचंद पवळा’ म्हणतात.

तिचा चेहरा मी तुम्हाला रंगवून सांगणार नाही. तिच्या रूपाबद्दल भरपूर बोललं गेलंय, बहुतेक पुरुषांनी, आणि त्यात तिची कारागिरी झाकली गेली. तुम्ही तिचं काम पाहा. ढोलकीवाला तोडा वाजवतो, ती तो पायांनी परत करते. तो लय वाढवतो, ती एक मात्रा मागं राहून त्याला चकवते आणि समेवर नेमकी येते. शाहीर सवाल टाकतो, ती जबाब गाते. गाता गाता अदा करते, आणि अदा करताना दम लागलेला कुणाला कळू देत नाही. एका कडव्यात चार वेळा तोच शब्द येतो, ती तो चार तऱ्हांनी म्हणते. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा टोमण्यात, आणि एकदा अशी की पुढच्या रांगेतला पाटील मान खाली घालतो. लावणी लिहिणारा माणूस शब्द देतो. शब्दाचे हे चार अर्थ कागदावर कुठंच नसतात. ते तिच्याजवळच आहेत, आणि उद्या रात्री ती आणखी चार काढील.

मग दौलतजादा. कुणीतरी रुपया उंच धरतो. ती तिथवर जाते, तो घेते, देणाऱ्याचं नाव घेऊन मुजरा करते. रुपया देणारा हात तिच्या बोटांना लागतो, मुद्दाम लागतो. हाच हात उद्या सकाळी तिच्या सावलीपासून चार पावलं दूर राहील. तुमच्या शेजाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. तो ‘वाह वा!’ म्हणतो. तुम्हाला काय वाटतं, ते तुम्ही ठरवा. पण टाळी वाजवणारे तुम्हीही होतात, हे लक्षात असू द्या. तिचं गाणं तेवढंच जबरदस्त आहे.

आणि आता ज्यासाठी मी तुम्हाला इतक्या लांब आणलं, ती जागा. लावणी शेवटच्या कडव्यावर आली आहे. शाहिरी काव्याचा नेम असा की शेवटी कवी आपलं नाव गुंफतो. कुणाची लावणी आहे ते ऐकणाऱ्याला कळावं, दुसऱ्यानं चोरली तर पकडली जावी, म्हणून ही नाममुद्रा. पवळा ताण घेते, झीलकरी उचलतात, ढोलकी थापेवर थांबते, आणि तिच्या तोंडून नाव बाहेर पडतं: पठ्ठे बापूराव. रात्रीतून कितीतरी वेळा. प्रत्येक लावणीच्या टोकाला ती त्याचं नाव या रानभर पेरते. तिचं नाव त्या नाममुद्रेत नाही. गाणं पुढं कुणी पाठ केलं, वहीत उतरवलं, छापलं, तर नाव त्याच्यासोबत जाईल. गळा जाणार नाही.

इथं कुणी कुणाला फसवलं असं मला म्हणायचं नाही. रिवाजच तसा होता, आणि रिवाजाचा हिशोब नेहमी एकाच बाजूला जमा होतो.

मुंबईला या. ग्रँट रोडजवळच्या पिला हाऊसच्या आसपास थिएटरं उभी आहेत. लालबाग-परळच्या गिरण्यांतून सुटलेला कामगार पाळी संपवून येतो, त्यात नगरचा आहे, साताऱ्याचा आहे, घाटावरचा आहे. तिकीट काढून तमाशा पाहायचा, ही नवी गोष्ट आहे. रानात सगळं गाव आपलं होतं, इथं अंधारात अनोळखी माणसं बसलेली. फडाची कीर्ती शिखरावर आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांपुढं १९०८-०९ च्या सुमारास बापूरावांनी मिठाराणीचा वग केला. राजापुढं कला मांडायचा मान तमाशाला मिळतोय. याच काळात, १९०२ पासून, ग्रामोफोनवाले साहेब हिंदुस्थानात आवाज गोळा करत फिरताहेत. त्यांच्या तबकडीत तीन मिनिटं मावतात, तमाशाची रात्र मावत नाही. सवाल-जबाब मावत नाही, रान गप्प होणं मावत नाही. पुढं ही जोडी फुटली. त्याची कारणं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण त्यात तिच्या तोंडचा शब्द नसतो, म्हणून ते ऐकायला मी तुम्हाला थांबायला सांगत नाही.

पुढचा मुक्काम १९२७. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झालाय, चळवळीला पैशांची गरज आहे. बापूराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं गेले आणि तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायची तयारी दाखवली, ही हकिकत आंबेडकरी परंपरेत वारंवार सांगितली जाते. बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले. महार-मांगांच्या बायका नाचवून मिळालेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा आशय. तुम्ही त्या खोलीच्या दाराशी उभे राहा. नकार देणारा माणूस बरोबर आहे, हे तुम्हाला पटतं, कारण दौलतजादाचा तो हात तुम्ही पाहिलेला आहे. आणि त्याच वेळी तुम्हाला हेही ठाऊक आहे की तो पैसा जिच्या गळ्यातून आला, तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांची सांगड घालणं मला अजून जमलेलं नाही. पुढं भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, सवाल-जबाब घेतले, आणि बाईचा नाच बाहेर ठेवला. साचा पुढं गेला, पवळा मागं राहिली.

१९३९ मध्ये पवळा गेली. २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात बापूराव गेले, हलाखीत. गरिबीनं दोघांना सारखं वागवलं, आठवणीनं तसं वागवलं नाही. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, अश्लीलतेच्या नावाखाली. ती उठेपर्यंत फडांचे हाल झाले, आणि तमाशा पुन्हा सभ्य करून घ्यायच्या खटपटीत जुन्या बायकांची नावं सांगणं सोयीचं राहिलं नाही. १९५० मध्ये राजा नेने यांचा चित्रपट आला. त्याचं नाव ‘पठ्ठे बापूराव’. तुम्ही तो थिएटरात बसून पाहा, बाहेर पडताना पाटीकडं पुन्हा एकदा बघा. तमाशाला जोड्या फार प्रिय. भाऊ-बापू मांग नारायणगावकर म्हटलं की दोघं येतात. कवलापूरचे काळू-बाळू म्हटलं की दोघं येतात, एकाला वगळून दुसऱ्याचं नावच घेता येत नाही. जोडीतली दोघं पुरुष असली की नाव जोडीचं होतं. इथं जोडीतली एक बाई होती, शिवाय महाराची होती.

मग चाळीसेक वर्षं ओलांडा. १९९० च्या दशकात शर्मिला रेगे लावणीवाल्या बायकांकडं समाजशास्त्राच्या नजरेनं पाहू लागतात. ही कला कुणाच्या श्रमावर उभी राहिली आणि तिचं श्रेय कुणी खाल्लं, हे विचारू लागतात. आणि २०२२ मध्ये एक जाडजूड पुस्तक येतं, ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’. लेखिका शैलजा पाईक, सिनसिनाटी विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापक. त्या पुस्तकात पवळा ही बापूरावांच्या गोष्टीतलं पात्र नाही. ती स्वतः विषय आहे. तिच्याकडून काय घेतलं गेलं, तिनं त्यातून स्वतःसाठी काय मिळवलं, कीर्ती आणि कलंक एकाच घुंगरात कसे बांधले गेले, हे तिथं तपासलं आहे. २०२४ मध्ये पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या जन्मगावाचं नाव छापून आलं. पोहेगाव, तालुका कोपरगाव. म्हणजे आपलाच नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. संगमनेर तालुक्यातल्या महारवाड्यातून निघालेली बाई, आणि शेजारच्याच तालुक्यात दलित घरात जन्मलेली इतिहासकार. हा योगायोग मला फार मोठा वाटतो. पवळाची गोष्ट दोन पिढ्या पुरुषांनी रंगवून सांगितली. तिची गोष्ट तिच्या बाजूनं विचारायला तिच्याच मातीतली, तिचं दुखणं जिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही अशी बाई यावी लागली.

आवाज परत मिळाला का? नाही. जुन्या तबकड्या सापडल्या की विसरलेले गायक पुन्हा ऐकू येतात, जगात ठिकठिकाणी असं झालंय. अमेरिकेत कापसाच्या शेतांवरचे म्हातारे गायक तरुणांनी दशकांनी शोधून काढले आणि पुन्हा मंचावर उभे केले. पवळाबाबत तो मार्ग बंद आहे. तिचा शोध घ्यायचा तर कोर्टकचेऱ्यांचे कागद, जलसेकारांच्या आठवणी, म्हाताऱ्या कलावंतिणींच्या मुलाखती यातून घ्यावा लागतो. ते गाणं ऐकण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

आता गाडीत बसा, पण नाशिककडं जाऊ नका. उलटं वळा. गुढीपाडव्याच्या आसपास याच रस्त्यानं नारायणगावला या. हिवरगावाहून तमाशाची हीच जुनी वाट, कधी बैलगाडीची, आता चौपदरी. रस्त्याकडेला फडांच्या राहुट्या लागल्या आहेत, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला आले आहेत, चहाचे कप फिरताहेत. प्रत्येक राहुटीपुढं बोर्ड आहे. ते वाचत चला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. मंगला बनसोडे करवडीकर. मालती इनामदार. रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर. कांताबाई, ज्यांनी तुकाराम खेडकरांच्या जोडीनं वग गाजवले, त्यांच्या माघारी स्वतःच्या बळावर फड चालवला, संगमनेरलाच राहिल्या आणि २०२१ मध्ये गेल्या, तरी मुलाच्या नावासोबत त्यांचं नाव बोर्डावर आहे. बाईचं नाव मोठ्या अक्षरात, खाली गावाचं नाव, आणि त्याच नावावर कमिटीवाला विसार मोजतो. एकजण तुम्हाला कमिटीचा माणूस समजून विचारतो, ‘दादा, कुठली जत्रा? कोणता फड बघताय?’

त्याला हिवरगावचं नाव सांगा. पवळाचं गाव म्हणून सांगा.